वेगमर्यादा पाळायची तर नजर मीटरवरच राहते, मग रस्ता कधी बघायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लायसन्स मिळून वर्षही झालेलं नाही. दर शनिवारी पुण्याजवळ किवळ्याला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चढून पनवेलपर्यंत जाणं आणि रविवारी परत येणं. मध्यंतरी जास्त वेगाचं ई-चलान आलं आणि तेव्हापासून नजर सारखी मीटरकडे जाते. पुढच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे उशिरा दिसतात, दोनदा जोरात ब्रेक मारावा लागला. मग वेगमर्यादेवर लक्ष ठेवण्यातच खरा धोका नजरेतून सुटत नाही का?

सुटतो. तुम्हाला जे जाणवतंय तो भ्रम नाही. पण त्याचं खापर वेगमर्यादेवर फोडण्याआधी नेमकं काय बिघडतंय ते बघू, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: डोळे रस्त्यावरून हटणं, मन आकड्यात गुंतणं, आणि मर्यादेच्या अगदी कडेवर गाडी चालवणं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा तिसरीमुळेच होतात.

ऑस्ट्रेलियात वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने यावर एक प्रयोग केला होता, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. ८४ जणांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या रस्त्यासमोर, बसवलं. मर्यादा सगळ्यांना एकच, ताशी ५० किलोमीटर. फरक फक्त दंडाचा: काहींना सांगितलं की मर्यादेच्या वर १ किलोमीटर गेलात तरी दंड, काहींना ६ वर, काहींना ११ वर. एक किलोमीटरच्या टांगत्या तलवारीखाली चालवणाऱ्यांना नजरेच्या कडेला उमटणारे लाल ठिपके टिपणं इतरांपेक्षा जड गेलं, आणि चालवणंही जास्त कष्टाचं वाटलं. हा प्रयोग बऱ्याचदा 'बघा, वेगमर्यादेने लक्ष उडतं' म्हणून सांगितला जातो. पण मर्यादा तर तिन्ही गटांना तीच होती. बदलली होती ती मोकळीक. शिवाय हा सिम्युलेटर होता, त्यात अपघात मोजले नव्हते, ठिपके मोजले होते. माझ्या मते यातून निघणारा धडा एवढाच की वरची मोकळीक कोणी देणार नसेल, तर खालच्या बाजूला ती आपण स्वतः ठेवायची. ती कशी, ते पुढे सांगतो.

आधी मीटरवरच्या एका नजरेची किंमत. डोळे खाली जातात, लांबवर स्थिरावलेली नजर पाऊण मीटरवरच्या आकड्यावर जुळते, आकडा कळतो, डोळे वर येतात, नजर पुन्हा लांब जुळते. सराव असलेल्याला यात अर्धा सेकंद लागतो, नवख्याला पाऊण ते एक. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे पाऊण सेकंदात २१ मीटर, एकामागे एक उभ्या पाच छोट्या मोटारींएवढं अंतर, तुम्ही रस्ता न बघता कापलं.

ऐकायला भयंकर वाटतं, पण आरशात बघायलाही तेवढाच वेळ जातो आणि आरशाने लक्ष उडतं असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेत शंभर मोटारींमध्ये कॅमेरे बसवून वर्षभर केलेल्या निरीक्षणात दिसलं की नजर एकूण दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट होतो. छोटी, नेमकी, योग्य वेळी टाकलेली नजर त्या खात्यात येत नाही. लागोपाठ चार वेळा खाली बघणं येतं. आणि 'आता ९८, आता १०१, कॅमेरा कुठे आहे' हा हिशेब डोक्यात चालू असेल तर डोळे वर असूनही तुम्ही बघत नसता.

ती नजर पेलेल की नाही, हे ठरतं पुढच्या गाडीपासूनच्या अंतरावर. तुमचे दोन जोरदार ब्रेक बहुधा इथलेच. पुढची गाडी खांबाला किंवा पुलाच्या सावलीला ओलांडते तेव्हा 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' मोजा; तुम्ही तिथे पोचण्याआधी तिन्ही मोजून झाले पाहिजेत. ताशी १०० ला हे अंतर ८३ मीटर होतं. तीन सेकंदांतून पाऊण सेकंद मीटरला दिला तरी सव्वादोन उरतात आणि ते पुरतात. पण तुमच्या पुढे एकच सेकंद असेल, जो एक्सप्रेसवेवर सर्रास दिसतो, तर पाव सेकंद उरतो. पाय ब्रेकवर पोचायलाच त्याहून जास्त लागतो. अशा वेळी मीटर बघणं धोक्याचं आहेच, पण आरसा बघणं, शिंकणं, शेजारच्याला 'हो' म्हणणं, सगळंच धोक्याचं आहे.

'अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसतो' ही तक्रार खरी आहे. घुसू द्या. ब्रेक नको, रेस थोडी सोडा, दहा-पंधरा सेकंदांत अंतर पुन्हा तयार होतं. पनवेलपर्यंत वीस जण घुसले आणि दरवेळी तीन सेकंद गेले तरी तुम्ही एका मिनिटाने उशिरा पोचाल.

आता मोकळीक. सपाटीला मोटारींसाठी मर्यादा १०० आहे. तुम्ही काटा १०० वर धरायला बघता आणि म्हणून तो दर दहा सेकंदांनी तपासावा लागतो. काटा ९२ ते ९५ मध्ये ठेवा. चढउताराने, वाऱ्याने, पायाच्या हलण्याने दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे होतातच. ते होऊनही तुम्ही मर्यादेच्या आत असाल, तर तपासायची निकडच राहत नाही. वेळ किती जातो? ५० किलोमीटरच्या सपाटीला १०० ऐवजी ९५ ने गेलात तर दीड मिनिटाच्या आसपास.

इथे मीटरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटारीचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशाच बेताने बनवलेलं असतं. ते थोडं जास्त दाखवतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत ही सूट खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी आहे. म्हणून मोबाइलच्या नकाशात ९२ आणि मीटरवर ९६ दिसलं तर मीटर बिघडलेलं नाही. पण 'माझं मीटर चार जास्त दाखवतं, मग १०४ वर चालवतो' हा हिशेब करू नका, त्याने तुम्ही पुन्हा कडेवर जाता. आणि टायर बदलताना रुंद, उंच टायर बसवले असतील तर गणित उलटतं. चाकाचा व्यास ३ टक्क्यांनी वाढला की मीटर खऱ्या वेगाच्या तेवढं मागे पडतं आणि कंपनीने ठेवलेली सूट खाल्ली जाते. चलान आलं तेव्हा मीटरवर किती होतं हे पक्कं आठवत असेल आणि चलानावरचा आकडा त्याहून जास्त असेल, तर आधी टायरचा साइज बघा.

कॅमेऱ्याबद्दलही थोडं. कमान दिसली की ब्रेक, ओलांडली की रेस, ही पद्धत एक्सप्रेसवेवर मागून धडक बसण्याचं हमखास कारण आहे. शिवाय तिथे आता काही पट्ट्यांत सरासरी वेगही मोजला जातो. दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर असेल तर ताशी १०० ने ६ मिनिटं लागतात, ११० ने ५ मिनिटं २७ सेकंद. शेवटच्या शंभर मीटरला ब्रेक दाबून हे ३३ सेकंद भरून निघत नाहीत. एकसारखा वेग धरणाऱ्याला कॅमेरा कुठे आहे हे शोधावंच लागत नाही, आणि लक्षातला मोठा वाटा त्या शोधातच जात असतो.

वेग एकसारखा धरायचा तर डोळ्यांआधी कान आणि पाय कामाला लावा. शिकवताना बहुतेक ठिकाणी गियर आणि क्लच घोटून घेतात. टॉप गियरमध्ये वेग कसा धरायचा हे कोणी शिकवत नाही, कारण शिकवणी शहरात तीस-चाळीसच्या वेगात उरकते. उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली हवी आणि रेस फक्त चवड्याने दाबायची. टाच अधांतरी असेल तर रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याला पाय हलतो, वेग पाच-सहा किलोमीटरने वरखाली होतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला वेग सांभाळता येत नाही. जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज आणि मागे पट्टा नसलेल्या चपला, दोन्ही यासाठी वाईट. फूटमॅट सरकून पेडलखाली जात नाही ना, तेही बघा.

कानाचं काम असं: टॉप गियरला ९५ वर तुमच्या इंजिनचे फेरे किती होतात ते एकदा बघून ठेवा आणि तो आवाज लक्षात ठेवा. टायरचा घरघराट, आरशाशी होणारा वाऱ्याचा आवाज, दोन्ही वेगाबरोबर चढतात. सुरुवातीच्या काही फेऱ्या गाणी बंद ठेवा. मग हा सराव करा: मोकळ्या पट्ट्यात, पुढे तीन सेकंद अंतर असताना, मनात वेगाचा अंदाज करा आणि नंतरच मीटर बघा. शेजारी कोणी असेल तर त्यांनाच आकडा वाचू द्या. पहिल्या दिवशी अंदाज पंधरा-वीसने चुकेल आणि बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच वाटेल. तीन-चार फेऱ्यांत चूक पाचच्या आत येते. तेवढी झाली की मीटर विचारायची गोष्ट राहत नाही, खात्री करायची होते, आणि खात्रीला अर्धा सेकंद पुरतो.

बघायचं कधी, याचाही क्रम ठरवून टाका. मर्यादेचा नवा फलक दिसल्यावर. ओव्हरटेक पूर्ण करून आपल्या लेनमध्ये आल्यावर, कारण त्या भरात ११५ कधी झाले ते कळत नाही. उतार सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. बोगद्याच्या आधी; कामशेत, माडप, भाताण या बोगद्यांत शिरताना डोळ्यांना अंधाराशी जुळायला वेळ लागतो, त्यात मीटरचा झगझगीत आकडा बघाल तर पुढचे काही क्षण आंधळे जातात. या व्यतिरिक्त मोकळ्या सपाटीवर मिनिटाला दोन नजरा भरपूर झाल्या.

आणि बघायचं नाही तेव्हा: पुढे कुठेही लाल दिवे लागले असताना, बाजूने गाड्या येऊन मिळतात तिथे, वळणात, टोलनाक्याच्या रांगेकडे जाताना, आणि कोणी इंडिकेटर न देता तुमच्या लेनकडे सरकतोय असं दिसत असताना. त्या क्षणी वेग दोन किलोमीटरने वर असला तरी चालेल.

घाटात चित्र वेगळं आहे, आणि शनिवारी तुम्ही तो उतरता. खंडाळ्याकडून खोपोलीकडे उतरताना मोटारींसाठी मर्यादा ६० आहे. फलकावर जे असेल ते प्रमाण माना. इथे पाय ब्रेकवर ठेवून आणि डोळे मीटरवर ठेवून ६० सांभाळायचा प्रयत्न बहुतेक नवखे करतात. सतत दाबलेले ब्रेक तापतात, मग पेडल दाबूनही गाडी आधीसारखी थांबत नाही. उतार लागण्याआधीच खालचा गियर टाका. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तिसऱ्या गियरमध्ये रेस सोडून साठच्या आसपास स्वतःच रोखल्या जातात. भरलेली गाडी असेल तर दुसराही लागू शकतो. वेग चढू लागला की ब्रेक एकदा नीट दाबून ५० वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा. मग इंजिनचा आवाज हाच तुमचा मीटर: सूर चढला की वेग चढला. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड असतो तो याचसाठी. न्यूट्रलला टाकून उतरणं म्हणजे हा आवाज आणि हा लगाम, दोन्ही फेकून देणं. तुमच्या शेजारच्या ट्रकने तेच केलेलं असू शकतं, म्हणून घाटात नजर मीटरपेक्षा आरशात जास्त वेळा जाऊ द्या.

रविवारी चढताना वेग वाढायची भीती फारशी नाही, धोका वेगळा आहे. भरलेला ट्रेलर ताशी २० ने चढत असतो आणि तुम्ही ६० ने वळणातून बाहेर येता. अंतर सेकंदाला ११ मीटरने आटतं. तिथे मीटर पूर्ण विसरलात तरी बिघडत नाही.

घाट उतरून खोपोलीच्या पुढे सपाटी लागली की मात्र जरूर बघा. घाटभर दबलेला पाय मोकळा होतो आणि काटा बघता बघता वर चढतो. तसंच पनवेलला एक्सप्रेसवे सोडल्यावर. बराच वेळ शंभरच्या आसपास चालवल्यावर ६० हा वेग चाळीससारखा वाटतो; इथे कान आणि अंदाज दोन्ही फसतात, म्हणून सोडल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं मीटरवरच विश्वास ठेवा. शहरात साठ आणि पन्नासमधला फरक किती, तर कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद भान यायला धरून, ५० ने येणारी गाडी साधारण ३५ मीटरवर थांबते. त्याच जागेवर ६० ने येणारी गाडी अजून ४३ च्या आसपास वेगात असते. रिक्षाआडून पोर पळत आलं तर हा फरक मोठा आहे. उलट, सकाळच्या भाजीबाजारात किंवा शाळा सुटताना ५० ची मर्यादा असली तरी २० च्या वर जायची सोय नसते. तिथे मीटर कशाला बघायचं?

परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही सांगतो. डिजिटल आकडा असेल तर ९७, ९८, ९९ अशी त्याची उलघाल नजर ओढून घेते. काट्याचं मीटर असेल तर आकडा वाचू नका, काट्याचा कोन लक्षात ठेवा. ६० कुठे आणि १०० कुठे हे घड्याळासारखं ओळखू येतं. स्टिअरिंगच्या वरच्या कडेमागे नेमका ६० ते १०० चा भाग झाकला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ते मान वाकवून बघतात आणि अर्ध्या सेकंदाचा दीड सेकंद होतो. स्टिअरिंग खालीवर होत असेल तर आधी सीटची उंची ठरवा, मग स्टिअरिंग असं लावा की पूर्ण तबकडी दिसेल.

गाडीतल्या बीपवर विसंबू नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत ८० च्या वर मिनिटाला दोन बीप आणि १२० च्या वर सतत आवाज येतो. एक्सप्रेसवेवर तो पूर्णवेळ वाजत राहतो, म्हणून कान त्याला बधिर होतात, आणि १०० ओलांडल्याचं तो सांगतच नाही. तुमच्या गाडीत स्वतःचा इशारा लावायची सोय असेल तर तो ९८ ला लावा. मोबाइल वापरायचाच तर काचेच्या मधोमध नको, नजरेच्या रेषेच्या जरा खाली, आवाजाची सूचना चालू ठेवून. नकाशातली मर्यादा कधीकधी शेजारच्या जुन्या हायवेची दाखवली जाते, तेव्हा शेवटचा शब्द फलकाचा. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरणारी सोय, विरळ वाहतुकीत, कोरड्या सपाटीवर चांगला. पावसात आणि घाटात बंद. साधा क्रूझ उतारावर ब्रेक लावत नाही, आणि पाय आरामात बाजूला गेलेला असतो तो ब्रेकवर यायला वेळ लागतो.

येत्या शनिवारी एवढंच करून बघा: किवळ्याहून निघण्याआधी सीट आणि स्टिअरिंग नीट लावा, ९५ च्या खाली आणि तीन सेकंद मागे राहा, आणि अंदाज आधी, मीटर नंतर. तीन-चार फेऱ्यांनंतरही आकडा वाचायला सेकंदभर लागत असेल तर डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर हे अगदी नेहमीचं आहे: लांबचं स्वच्छ दिसतं आणि पाऊण मीटरवरचं मीटर धूसर. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो, तो इथे उपयोगी नाही. चष्मेवाल्याला डोळ्यापासून मीटरपर्यंतचं अंतर टेपने मोजून सांगा.